साखरेची गोळी आणि कर्करोगाचा अर्धवट हिशेब

आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी गेल्या वर्षी शुगरच्या तिन्ही गोळ्या एका रात्रीत बंद केल्या. फोनवर फिरत आलेल्या निरोपात लिहिलं होतं की साखरेच्या गोळ्यांनी कर्करोग होतो, फ्रान्सने त्यांच्यावर बंदी घातली आहे आणि आपल्याकडचे डॉक्टर ही गोष्ट लपवतात. काकूंच्या तीन गोळ्यांत फ्रान्सने थांबवलेलं औषध नव्हतंच. चार महिन्यांनी चप्पल लागून पायाच्या करंगळीला जखम झाली, ती चिघळत गेली आणि शेवटी करंगळी काढावी लागली. मग इमारतीत वाद पेटला. एक बाजू म्हणे, कंपन्या पैशासाठी माणसं मारतात. दुसरी म्हणे, डॉक्टर देतील ते गुमान घ्यावं, नसत्या चौकशा करू नयेत. कोणती गोळी, किती मात्रेची, किती वर्षं, कोणासाठी आणि कशाच्या तुलनेत धोक्याची, हे दोन्हीकडच्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. मधुमेहाच्या औषधांपैकी एका औषधावरची कर्करोगाची शंका खरी आहे, पण तो धोका आकाराने लहान आहे. ज्या इतर औषधांवर मोठा गहजब झाला, त्यांच्यावरच्या बहुतेक शंका पुढच्या तपासात टिकल्या नाहीत. भीतीपोटी स्वतःच्या मनाने गोळ्या सोडणं हे या सगळ्यापेक्षा कितीतरी धोकादायक आहे. आणि रुग्ण घाबरेल म्हणून त्याला काहीच न सांगणं, हे त्या निरोपांइतकंच चूक आहे. ते निरोप पसरतात ते याच मौनामुळे.

ते एक औषध म्हणजे पायोग्लिटाझोन. जपानच्या ताकेदा कंपनीचं. १९९९मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, हा टाइप २ मधुमेहाचा गाभा, आणि हे औषध नेमकं तिथे काम करतं. औषध घेणाऱ्या नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या होत्या, त्यामुळे पहिल्यापासूनच त्याच्यावर लक्ष होतं. जून २०११मध्ये फ्रान्सने ते थांबवलं. आधार होता तिथल्या आरोग्यविम्याच्या नोंदींचा. सुमारे १४ लाख ९१ हजार मधुमेही, त्यांतले १,५५,५३५ जण हे औषध घेणारे, आणि घेणाऱ्यांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे १७५ रुग्ण. वय वगैरे फरक वजा केल्यावर धोका १.२२ पट निघाला. आपल्याकडे हे 'बावीस टक्के जास्त कर्करोग' या रूपात पोहोचलं, आणि बावीस टक्के ऐकल्यावर कोणीही घाबरणारच.

पण बावीस टक्के म्हणजे कशाचे बावीस टक्के? १७५ला १.२२ने भागलं तर साधारण १४३ येतात. म्हणजे औषध घेतलं नसतं तरी इतक्यांना हा कर्करोग झालाच असता, असा ढोबळ हिशेब. जादा झाले सुमारे ३२, तेही दीड लाखाहून अधिक माणसांत, चारेक वर्षांच्या आतल्या नोंदींत. पाच हजारांत एक. हा आकडा शून्य नाही, आणि त्या बत्तीस घरांसाठी तो शंभर टक्के होता. तरी 'बावीस टक्के' आणि 'पाच हजारांत एक' ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं आहेत आणि माणूस पहिलं ऐकून गोळी फेकतो, दुसरं ऐकून डॉक्टरांना प्रश्न विचारतो. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट होती, जी निरोपांत कधीच येत नाही. एकूण पोटात गेलेलं औषध २८,००० मिलिग्रॅमच्या पुढे गेलेल्यांत धोका जास्त, १.७५ पट, दिसला. रोज ३० मिलिग्रॅम घेणारा तिथे अडीच वर्षांत पोहोचतो, १५ घेणारा पाच वर्षांत, आणि आपल्याकडे बरेच डॉक्टर देतात ती साडेसातची मात्रा घेणाऱ्याला दहा वर्षं लागतात. मग पॅरिसचा निष्कर्ष पंढरपूरला जसाच्या तसा लावायचा का? आणि नाही लावायचा, तर इथला निष्कर्ष आहे कुठे?

या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधताना २०१३ आठवतं. १८ जून २०१३ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २६अ खाली पायोग्लिटाझोनचं उत्पादन आणि विक्री थांबवली. वर्षभरापूर्वीच संसदेच्या स्थायी समितीने औषध नियंत्रण यंत्रणेवर कडक ताशेरे ओढले होते, त्यामुळे सरकारला काहीतरी करून दाखवणं भाग होतं. मधुमेहतज्ज्ञांनी तीव्र विरोध केला. औषध स्वस्त आहे, आपल्या रुग्णांना लागू पडतं, मात्रा कमी असते, हे त्यांचे मुद्दे होते आणि ते पोकळ नव्हते. ३१ जुलैला बंदी उठली. अट इतकीच की वेष्टनावर चौकटीत इशारा छापायचा, आणि हे औषध पहिल्या पसंतीचं म्हणून द्यायचं नाही. सहा आठवड्यांत बंदी आली आणि गेलीही. ती घालताना आपल्याकडे इथल्या रुग्णांचा मोठा अभ्यास नव्हता, उठवतानाही नव्हता. मला त्या प्रकरणातली हीच गोष्ट सर्वांत जास्त टोचते. बंदी योग्य की अयोग्य यावर लोक आजही भांडतात, पण दोन्ही निर्णय परक्या आकड्यांवर झाले याबद्दल कोणी बोलत नाही.

पुढे काय झालं तेही गुंतागुंतीचं आहे. २०१५मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोठ्या पाठपुराव्याचे दहा वर्षांचे निष्कर्ष आले. मूत्राशयाच्या कर्करोगात लक्षणीय वाढ आढळली नाही, पण लहान वाढ असेलच असं नाही आणि नसेलच असंही नाही, अशी त्याची भाषा होती. २०१६मध्ये ब्रिटनच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासात धोका १.६३ पट दिसला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 'संबंध असू शकतो' असं म्हणत इशारा कायम ठेवला. ज्यांना हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं असतं त्यांना हा प्रवास म्हणजे शास्त्रज्ञांचा गोंधळ वाटतो. मला तो प्रामाणिकपणा वाटतो. धोका मोठा असता तर इतक्या चाळण्यांतून तो स्पष्ट दिसला असता, तंबाखूचा दिसतो तसा. मूत्राशयाच्या कर्करोगात धूम्रपान हे सर्वांत मोठं कारण, धोका तीन-चार पट करणारं. पायोग्लिटाझोनवर तावातावाने बोलणाऱ्या किती जणांनी घरातल्या विडी ओढणाऱ्या आजोबांना हे सांगितलं आहे?

आता समोरच्या बाजूचा सर्वांत जोरदार मुद्दा घेते, कारण तो टाळून पुढे जाणं लबाडीचं होईल. कंपन्यांवर विश्वास का ठेवायचा? २०१४मध्ये अमेरिकेतल्या लुईझियानातल्या ज्युरीने याच औषधाच्या खटल्यात ताकेदाला सहा आणि तिची भागीदार एलाय लिलीला तीन अब्ज डॉलरचा दंडात्मक भुर्दंड ठोठावला. धोक्याची कल्पना असून तो झाकला, हा आरोप होता. ताकेदाने महत्त्वाची कागदपत्रं जपली नाहीत, असा ठपकाही न्यायालयाने ठेवला. नंतर न्यायाधीशांनी रक्कम कित्येक पटींनी खाली आणली, आणि २०१५मध्ये दोष मान्य न करता ताकेदाने हजारो दावे सुमारे २.४ अब्ज डॉलर देऊन मिटवले. म्हणजे संशय घेणारा माणूस वेडा नाही. संशयाला इतिहास आहे. दुसरी गोष्टही मान्य करते. कर्करोग सावकाश वाढतो आणि औषधांच्या चाचण्या दोन-चार वर्षांत आटोपतात. म्हणून 'पुरावा सापडला नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही.

पण या दोन मुद्द्यांवरून सगळ्याच गोळ्या टाकून द्याव्यात हा निष्कर्ष निघत नाही, आणि याचं उत्तम उदाहरण पायोग्लिटाझोनच्या कुटुंबाबाहेरच्या एका औषधाचं आहे. डापाग्लिफ्लोझिन, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं. जुलै २०११मध्ये अमेरिकेच्या सल्लागार समितीपुढे त्याचे आकडे आले तेव्हा औषध घेणाऱ्या सुमारे साडेपाच हजारांत मूत्राशयाच्या कर्करोगाचे ९ रुग्ण होते, न घेणाऱ्या तीन हजारांवर लोकांत १. समितीने नकार दिला, जानेवारी २०१२मध्ये प्रशासनानेही मान्यता नाकारली. अधिक माहिती आल्यावर २०१४मध्ये ती मिळाली. त्यानंतर १७,१६० जणांवर चार वर्षांहून अधिक काळ चाचणी चालली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. निकाल? औषध घेणाऱ्यांत २६, न घेणाऱ्यांत ४५. नवाला एक हे प्रमाण केवळ थोड्या आकड्यांचा खेळ होता. तेव्हा अडवणारेही बरोबर होते आणि नंतर मान्यता देणारेही. शंका घ्यायची, औषध अडवायचं, मोठी चाचणी घ्यायची आणि उत्तर येईल ते स्वीकारायचं, असा रस्ता असतो. २००९मध्ये ग्लार्जिन इन्सुलिनवर असंच वादळ उठलं होतं. २०१२मध्ये साडेबारा हजार लोकांवरच्या, सहा वर्षं चाललेल्या चाचणीने ते शमवलं. इन्सुलिनची भीती मात्र आपल्या गावांत अजून गेलेली नाही.

मेटफॉर्मिनची गोष्ट वेगळी, आणि तिथे चुका दोन्ही दिशांनी झाल्या. डिसेंबर २०१९मध्ये सिंगापूरने तपासलेल्या मेटफॉर्मिनच्या ४६ उत्पादनांपैकी ३ परत मागवली, कारण त्यांत एनडीएमए हा कर्करोगाशी जोडला गेलेला घटक मर्यादेपेक्षा जास्त सापडला. मे २०२०मध्ये अमेरिकेनेही काही कंपन्यांना हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या परत घ्यायला सांगितलं. मर्यादा आहे दिवसाला ९६ नॅनोग्रॅम. ही मर्यादा ठरवताना धरलेलं गणित असं की रोज इतकं पोटात गेलं, तेही सत्तर वर्षं, तर लाखात जास्तीत जास्त एक जादा कर्करोग. म्हणजे दोष औषधाच्या रेणूत नव्हता, ते बनवण्यात होता.

हा फरक आपल्या मुंबईला नवा नाही. १८९७मध्ये हाफकिन यांनी इथे प्लेगची लस तयार केली. १९०२मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात ती टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने गेले. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. हाफकिनना पदावरून दूर केलं गेलं, परळच्या प्रयोगशाळेवर संशय आला, लोकांच्या मनातली लसीची भीती आणखी घट्ट झाली. चौकशी पुढे सरकायला वर्षं लागली आणि बाटली गावात उघडताना दूषित झाली असावी हे मान्य होऊन १९०७मध्ये ते दोषमुक्त झाले. तोवर प्लेग थांबला नव्हता. औषधाचा दोष आणि बाटलीचा दोष वेगळा न करण्याची किंमत भीतीने टोचून न घेणाऱ्यांनी मोजली. मेटफॉर्मिनच्या बाबतीत आपण तेच करायचं का? बाटलीचा दोष असेल तर कारखाना तपासा, नमुने घ्या, निकाल जाहीर करा, त्यासाठी सरकारच्या मागे लागा. मी त्या मागणीत सर्वांत पुढे उभी राहीन.

दुसऱ्या दिशेची चूक अशी, की काही डॉक्टर आणि बरेच आरोग्यवक्ते मेटफॉर्मिन कर्करोग टाळतं असं छातीठोक सांगत फिरले. जुन्या नोंदींत तसं दिसलं होतं. पण त्यांपैकी अनेक अभ्यासांत हिशेबाची मोठी गफलत होती. औषध सुरू होण्याआधी रुग्ण जिवंत राहिला तो काळही औषधाच्या खात्यावर जमा धरला गेला होता. स्तनाच्या कर्करोगाच्या ३,६४९ रुग्णांवर चाचणी झाली, २०२२मध्ये निष्कर्ष आले आणि मेटफॉर्मिनने रोग परत येणं थांबवलं असं दिसलं नाही. ज्यांनी 'गोळीने कर्करोग होतो' या निरोपाला अडाणीपणा म्हटलं, त्यांनी 'गोळीने कर्करोग टळतो' हा निरोप तितक्याच उत्साहाने पुढे पाठवला. नोंदींतून दिसणारा संबंध आणि कारण यांत फरक करायचा असेल तर तो दोन्ही वेळी करायला हवा.

खरं तर मधुमेह आणि कर्करोग यांचं नातं गोळीच्याही आधीपासूनचं आहे. २०१०मध्ये अमेरिकेच्या मधुमेह आणि कर्करोग संस्थांनी एकत्र आढावा घेतला, त्यानुसार मधुमेहींत यकृत, स्वादुपिंड आणि गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका दुपटीच्या आसपास, तर मोठं आतडं, स्तन आणि मूत्राशयाच्या कर्करोगाचा दीडपटीच्या आत वाढलेला दिसतो. रक्तात फिरणारं जास्तीचं इन्सुलिन, लठ्ठपणा, वाढतं वय, अशी कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. शिवाय कधी कधी क्रम उलटाच असतो. स्वादुपिंडात कर्करोग शांतपणे वाढत असतो आणि त्यामुळे साठीच्या माणसाची साखर अचानक चढते. डॉक्टर औषध सुरू करतात, सहा महिन्यांनी गाठ सापडते आणि दोष औषधाच्या माथी बसतो. वजन घटत असताना उतारवयात नव्यानेच मधुमेह निघाला तर पोटाची तपासणी करून घ्यावी, ही गोष्ट त्या निरोपांत असती तर काही जीव वाचले असते.

आणि साखर मोकळी सोडल्याची किंमत? ब्रिटनच्या दीर्घ अभ्यासात एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी दाखवणारं माप, एक टक्क्याने कमी असणाऱ्यांत डोळे, मूत्रपिंड यांच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी दिसले. हाही पटीतलाच आकडा, मघाशी मी ज्याच्याबद्दल सावध केलं तसाच. फरक इतका, की तो लागू होतो ते विकार पाच हजारांत एकाचे नाहीत. कुठल्याही जिल्हा रुग्णालयातल्या डायलिसिसच्या खोलीत एक सकाळ बसलं की हे कळतं. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३च्या अंदाजानुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. त्यांतले थोडे जरी घाबरून गोळी सोडणारे निघाले, तरी नुकसान केवढं होईल?

म्हणूनच डॉक्टर म्हणतात, रुग्णाला सांगू नका, तो गोळी सोडेल. हा युक्तिवाद मला समजतो. शंभर रुग्ण बाहेर ताटकळत असताना प्रत्येकाला पटींचा हिशेब कोण समजावणार? पण मधुमेहाच्या इतिहासात हा मार्ग एकदा चोखाळून झाला आहे. अमेरिकेत १९६१ला सुरू झालेल्या विद्यापीठांच्या संयुक्त चाचणीत टोलब्युटामाइड ही मधुमेहाची जुनी गोळी घेणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू जास्त दिसले. १९७०मध्ये ते जाहीर झाल्यावर नामवंत मधुमेहतज्ज्ञ चाचणीवरच तुटून पडले आणि कोर्टात गेले. वेष्टनावर इशारा यायला १९८४ उजाडलं. चाचणीत त्रुटी होत्या, त्यावर टीका रास्त होती. पण चौदा वर्षं रुग्णाला यातलं काहीच अधिकृतपणे कळवलं गेलं नाही. ज्याच्या पोटात गोळी जाते त्याने अंधारात राहावं, हे कोणत्या न्यायाने?

आपल्याकडे अंधार आणखी दाट आहे. ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि पायोग्लिटाझोन एकाच गोळीत घालून सर्रास विकली जातात. नाव तिसरंच असतं, घटक मागच्या चंदेरी बाजूला इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरांत. चौकटीतला इशारा असलेला कागद केमिस्ट पट्टी कापून देतो तेव्हा दुकानातच राहतो. २०१३ची ती अट ज्यांच्यासाठी होती त्यांच्यापर्यंत ती कधी पोहोचलीच नाही. तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पूर्वी मूत्राशयाचा कर्करोग झाला होता का? लघवीतून कधी रक्त गेलं का, आणि त्याची तपासणी झाली का? विडी-सिगारेट ओढता का? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल, किंवा रक्त गेलं असून त्याची तपासणी झाली नसेल, तर हे औषध त्या माणसासाठी नाही. बाकीच्यांना इतकं सांगितलं तरी पुरे की लघवी लालसर दिसली तर थांबू नका, लगेच या.

राहिला इथल्या आकड्यांचा प्रश्न. मुंबईची कर्करोग नोंदणी देशातली पहिली, १९६३ची. बार्शीची ग्रामीण नोंदणी १९८७ची, तीही देशातली पहिली. गावोगाव जाऊन, माणसांना भेटून कर्करोगाच्या नोंदी जमवण्याची पद्धत महाराष्ट्राने घालून दिली. जे फ्रान्सने विम्याच्या कागदांतून केलं, ते करण्याचा पाया आपल्याकडे अनेक दशकांपासून आहे. कर्करोगाच्या नोंदीत मधुमेहाच्या औषधाचं नाव, मात्रा आणि वर्षं, आणि सार्वजनिक रुग्णालयांतल्या मधुमेहाच्या नोंदींशी त्यांची जोड, एवढं झालं तरी साडेसात मिलिग्रॅमचा प्रश्न पॅरिसला विचारावा लागणार नाही. औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय नोंद २०१०पासून सुरू आहे, १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रुग्णही कळवू शकतो. हा क्रमांक त्या निरोपांच्या शेवटी मी अजून एकदाही पाहिलेला नाही.

परवा काकू नवी पट्टी घेऊन माझ्याकडे आल्या. करंगळीनंतर त्यांनी डॉक्टर बदलले. गोळी एकच, पण मागे तीन नावं होती. मी चष्मा लावून वाचली, शेवटचं पायोग्लिटाझोन, साडेसात. डॉक्टरांनी लघवीतून रक्त जाण्याबद्दल काही विचारलं का, असं मी म्हटलं. "नाही गं, वजन तेवढं केलं," काकू म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, "मागच्या पावसाळ्यात एकदा गेलं होतं. उन्हाळी लागली असेल म्हणून मी कोणाला बोलले नाही." गोळी आपल्या मनाने सोडू नका, पण हे आजच सांगायला हवं, असं मी म्हटलं. संध्याकाळी सहाला दवाखाना उघडतो. साडेपाचलाच आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो, पट्टी काकूंनी पदरात धरली होती.